उत्क्रांतीजीवशास्त्र शिकायचं आहे, बडोद्यात राहून तयारी कशी करू?

तिसरं_वर्ष | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढचं सगळं शिक्षण उत्क्रांतीजीवशास्त्रातच घ्यायचं हे मनाशी पक्कं आहे. अडचण अशी की आमच्याकडे हा विषय अर्ध्या पेपरात उरकतात. लॅमार्क, डार्विन, डी व्हरीस, घोड्याच्या खुरांची आकृती, हार्डी-वाइनबर्गचं सूत्र, की झालं. 'टीप लिहा' असा प्रश्न येतो आणि पाठ केलेली टीप उतरवली की मार्क मिळतात. त्यातून मला खरोखर काय कळलं, हे मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर सापडत नाही.

परवा वर्गात सांगितलं की मगर हा 'जिवंत जीवाश्म' आहे, कोट्यवधी वर्षांत ती बदललेलीच नाही. इथल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून लहानपणापासून मगरी बघत आलेय, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जाईना. एखादा प्राणी बदलतच नाही असं कसं होईल?

तर विचारायचं आहे ते असं: काय वाचू, कुठे अर्ज करू, आणि गणित किती लागतं? गणित बारावीनंतर सुटलंय. घरी आईचा प्रश्न वेगळाच आहे, तो तीच इथे विचारणार आहे म्हणे.

जुना_बडोदेकर | शनिवार, रात्री १०:२५

बेटा, फार आनंद झाला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. वाचनाचं इतर लोक सांगतील, मी तुला बघायचं सांगतो.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जा आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी निवांत थांब. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा. आपण सगळे शाळेच्या सहलीत 'केवढा मोठा!' म्हणून पुढे गेलेलो असतो. आता वल्ह्यासारख्या दिसणाऱ्या पुढच्या अवयवाची हाडं नीट बघ. दंडाचं एक हाड, त्यापुढे दोन, मग मनगट, मग बोटं. तुझ्या हातात जो क्रम आहे तोच. पोहण्यासाठी कोणी नव्याने अवयव घडवला असता तर हा क्रम ठेवण्याचं काही कारण नव्हतं. नंतर मागच्या बाजूला जा. देवमाशाला मागचे पाय नसतात, पण कमरेची दोन छोटी हाडं मांसात सुटी राहिलेली असतात. ती या सांगाड्यात मांडली आहेत का, ते शोध आणि इथे सांग.

आणि तो सांगाडा गुजरातेत असणं किती योग्य आहे बघ! देवमाशांचे पाय असलेले पूर्वज कच्छमध्येही सापडलेत. कुचीसेटस नावाचा एक छोटा, लांब शेपटीचा, चार पायांचा देवमासा २००० साली सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी जगापुढे मांडला. वय साधारण साडेचार कोटी वर्षं. त्याच्याही आधीचा नातेवाईक इंडोह्यूस, जम्मूच्या कालाकोट भागातला, मांजराएवढा, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाजवळच्या हाडाची ठेवण देवमाशांसारखी निघाली. देवमाशांचे आज जिवंत असलेले सर्वात जवळचे नातलग पाणघोडे आहेत, हे डीएनएवरूनही दिसतं. मूळ आपल्या उपखंडात आणि सांगाडा आपल्या बागेत, अजून काय हवं?

यशवंतपूर_लोकल | शनिवार, रात्री ११:५०

मी मूळची कारेलीबागची, सध्या बंगळूरात संशोधन करते. काकांनी लिहिलंय त्यात एक भर. ती कमरेची हाडं 'निरुपयोगी अवशेष' म्हणून शिकवली जातात, पण देवमासा-डॉल्फिनांमध्ये जननेंद्रियाचे स्नायू त्यांना जोडलेले असतात. चालण्याचं काम सुटलं, दुसरं काम राहिलं. अवशेष म्हणजे बिनकामाचा, असं लिहू नकोस.

आता मगर. तुझी शंका अगदी रास्त आहे. आपली मगर ज्या क्रोकोडायलस वंशातली, तो वंश डीएनएच्या अंदाजाने दीड कोटी वर्षांच्या आतबाहेरचा आहे. भूगर्भीय हिशेबात हा अलीकडचा काळ. तिच्या जुन्या नातलगांत काय काय होऊन गेलं! लांब पायांवर जमिनीवर धावणारे, शेपटीला पर असलेले पूर्ण सागरी, पाला खाणारेसुद्धा. पाण्यात दबा धरणारा तेवढा एक नमुना टिकला, बाकीच्या फांद्या संपल्या. टिकलेली फांदीच बघितली तर 'बदल नाही' असं वाटणारच. शिवाय बाहेरून सारखं दिसणं म्हणजे जनुकं थांबणं नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला एमएस्सीत कळली तेव्हा मी दिवसभर तेच बोलत होते. विश्वामित्रीतली मगर आणि तिच्या काठावरची घोरपड यांत मगरीचं जवळचं नातं घोरपडीशी वाटतं ना? मगरीचा जवळचा नातलग त्याच काठावरचा बगळा आहे. मगर आणि पक्षी यांचा समान पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा, घोरपडीची फांदी त्याआधीच वेगळी झाली. दोघांचं हृदय चार कप्प्यांचं, दोघंही घरटं करतात आणि पिल्लं सांभाळतात. मगरीण पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. खवले आणि सरपटणं बघून आपण घोरपडीला जवळ धरतो, पण दिसण्यावरून नातं ठरत नाही. कोणाचा पूर्वज कोणाशी अलीकडे जुळतो, यावरून ठरतं.

हे वंशवृक्ष वाचता येणं म्हणजे अर्धा विषय. माझं ठाम मत आहे की पदवीच्या मुलांना डार्विनचं चरित्र देण्याआधी पन्नास वंशवृक्ष वाचायला लावावेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जीवाश्म संग्रहालयाचं 'अंडरस्टँडिंग इव्होल्यूशन' हे संकेतस्थळ फुकट आहे, तिथून सुरू कर. अर्ज आणि परीक्षांबद्दल उद्या सविस्तर लिहिते.

वाडीचे_आजोबा | रविवार, सकाळी ७:१५

धागा आवडीने वाचला. माझी एक जुनी शंका आहे, राग मानू नये. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा दशावतारांचा क्रम उत्क्रांतीच सांगतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आधी पाण्यातला, मग पाणी-जमीन दोन्हीकडचा, मग जमिनीवरचा. तर आपल्याकडे हे आधीच माहीत होतं, असं म्हणता येईल का?

यशवंतपूर_लोकल | रविवार, सकाळी ९:०५

आजोबा, राग कसला, हा प्रश्न मला दर दिवाळीला घरी येते तेव्हा कोणीतरी विचारतंच. ती कथा माझ्याही आवडीची आहे. पण तिच्यातला क्रम पायऱ्यांचा आहे, एकानंतर दुसरा, वर वर जाणारा. उत्क्रांतीत पायऱ्या नाहीत, फांद्या आहेत. मासा पुढे जाऊन कासव झाला आणि मासेपण मागे सोडलं, असं घडलेलं नाही. आजचा रोहू आणि आजचा माणूस हे दोघंही त्या जुन्या पूर्वजापासून तितकीच वर्षं चालत आलेत. मावसभाऊ मावसभावाचा पूर्वज नसतो, दोघांची आजी एक असते, तसंच हे. 'माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी आहेत' या प्रश्नाचं उत्तरही यातच येतं.

दुसरं असं की उत्क्रांतीच्या सिद्धांताचा गाभा कोण कोणाआधी आलं हा नाहीच. बदल कशामुळे घडतो, ते यंत्र हा गाभा आहे. पिढीत फरक असतात, ते आनुवंशिक असतात, आणि काही फरकांमुळे जास्त संतती मागे राहते. डार्विन आणि वॉलेस यांनी १८५८ साली हे मांडलं. ते यंत्र अवतारकथेत नाही, आणि कथेचं ते कामही नाही.

वाडीचे_आजोबा | रविवार, सकाळी ९:४०

पटलं. फांद्यांचं लक्षात ठेवतो. नातवालाही वाचून दाखवलं.

रावपुरा_जिऑलॉजी | रविवार, दुपारी १२:३०

भूशास्त्रवाल्यांना विसरू नका! तिसरं_वर्ष, तू बालासिनोरजवळच्या रैयोलीला गेली नसशील तर आधी ते कर. बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. डायनोसॉरच्या अंड्यांची घरटी खडकात आहेत तशी बघायला मिळतात. 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हा मांसाहारी डायनोसॉर तिथल्याच हाडांवरून २००३ साली जाहीर झाला. ढोली डुंगरी या गावाजवळचा एक नमुना तर विलक्षण आहे: डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटर लांबीचा साप, शेजारी फुटलेलं अंडं आणि नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. 'सनाजेह इंडिकस' हे त्याचं नाव, २०१० साली वर्णन झालं.

हे सगळं लामेटा नावाच्या खडकथरांत आहे आणि त्यांच्यावर दख्खनच्या लाव्हाचे थर. आपण दर्शनाला चढतो तो पावागड याच ज्वालामुखी काळातला. पुढच्या वेळी चढताना कड्यांचे थर बघा. जीवशास्त्राच्या मुलांना काळाचा अंदाज पुस्तकातून येत नाही, खडकाला हात लावल्यावर येतो, असं माझं मत आहे. जमलं तर भूशास्त्राचा एक ऐच्छिक पेपर घे.

समईची_वात | रविवार, दुपारी ३:१०

मी तिची आई. इथली सगळी माणसं मनापासून लिहिताहेत, बरं वाटलं. माझा विरोध नाही, पण आम्ही नोकरदार माणसं, स्पष्ट विचारते. हे शिकून पोट भरतं का? किती वर्षं लागतात? पॅथॉलॉजी लॅबचा डिप्लोमा केला तर दोन वर्षांत पगार सुरू होईल असं सगळे सांगतात.

यशवंतपूर_लोकल | रविवार, सायंकाळी ६:००

काकू, विचारलंत ते बरं केलंत. हातचं न राखता सांगते.

एमएस्सी दोन वर्षं, त्यानंतर पीएचडी साधारण पाच ते सहा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. म्हणजे पीएचडीच्या काळात घरून पैसे मागावे लागत नाहीत. त्यानंतरची कायम नोकरी मिळायला मात्र वेळ लागतो, मध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, करावं लागतं, बऱ्याचदा परदेशात. प्राध्यापकाच्या जागा कमी आणि अर्ज भरपूर, हे खरं आहे. पण या विषयात नीट शिकलेल्या मुलीला संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि जनुकीय माहितीचं विश्लेषण येतं. त्या बळावर माझ्या ओळखीतले लोक रोगांच्या साथींवर, पीकसुधारणेवर, कंपन्यांमध्ये डेटावर काम करताहेत. करोनाच्या विषाणूचे डेल्टा, ओमिक्रॉन हे प्रकार ओळखले गेले ते वंशवृक्ष काढूनच.

परीक्षा: गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' असा स्वतंत्र पेपर आहे, त्यात गणित-संख्याशास्त्राचाही भाग असतो. नेटच्या लाइफ सायन्सेस अभ्यासक्रमात अकरावं प्रकरण उत्क्रांती आणि वर्तनाचं. संस्था: बंगळूरला आयआयएससी या विज्ञान संस्थेचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस, एनसीबीएस हे जीवशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र, जक्कूरचं जेएनसीएएसआर हे संशोधन केंद्र, आणि पुणे, मोहाली वगैरे ठिकाणच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्था. जेएनसीएएसआरमध्ये फळमाश्यांच्या वसाहती शेकडो पिढ्या सांभाळून त्यांच्यावर निवडीचा परिणाम मोजतात. फळमाशीची पिढी २५ अंशाला दहा-बारा दिवसांत होते, म्हणून हे शक्य आहे. परदेशात रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये जिवाणूंच्या बारा वसाहती सुरू केल्या. त्यातल्या एका वसाहतीने तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर ऑक्सिजन असताना सायट्रेट (लिंबाच्या आम्लाचं एक रूप) खायला सुरुवात केली, जे त्या जिवाणूंना एरवी जमत नाही. उत्क्रांती डोळ्यांदेखत बघता येत नाही, असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

तिसरं_वर्ष, तीन विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपचा अर्ज सोडू नकोस. उन्हाळ्याचे दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेस की पुढची सात-आठ वर्षं हे करायचं की नाही, ते तुलाच कळेल. आईलाही ते जास्त पटेल.

समईची_वात | रविवार, रात्री ८:२०

धन्यवाद, ताई. आधी समर फेलोशिपचा अर्ज भरू दे, मग बघू. लॅबच्या डिप्लोमाचा फॉर्म सध्या बाजूला ठेवते.

आकडेमोड | रविवार, रात्री ९:००

गणिताच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. मी संख्याशास्त्र शिकवतो. उत्क्रांतीत गणित 'लागतं' असं म्हणणं कमी आहे. नैसर्गिक निवड, उत्परिवर्तन (जनुकातला नवा बदल), स्थलांतर आणि योगायोगाने होणारा बदल, ज्याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात, या चौघांत कोणाचा जोर किती हे मोजणं हाच तर विषय आहे. फिशर, राइट आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी हा पाया घातला. त्यातले हॉल्डेन १९५७ साली कायमचे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्या मुलांना हे सांगायला हवं.

घाबरू नकोस. संभाव्यता, सरासरी-विचलन, थोडं कलनशास्त्र आणि 'आर' ही फुकट संगणकभाषा, एवढ्यावर एमएस्सीपर्यंत निभावतं. हार्डी-वाइनबर्गचं सूत्र तू पाठ केलंस, आता ते वापर. १९०८ साली हार्डी आणि वाइनबर्ग यांनी वेगवेगळं दाखवलं की वरचे चारही घटक नसतील आणि जोड्या यदृच्छेने जमत असतील, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. काहीच घडत नसेल तर काय दिसेल, ते हे सूत्र सांगतं. म्हणून वेगळं काही दिसलं की शोध सुरू करता येतो.

छोटाउदेपूर_समुपदेशक | रविवार, रात्री १०:१५

आकडेमोड सरांच्या बोलण्याला माझ्या रोजच्या कामातलं उदाहरण देते. मी बडोद्याची, छोटाउदेपूर भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या समुपदेशनाचं काम करते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, त्यामुळे प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. दोन्ही प्रती तशा असतील तर आजार, एक असेल तर माणूस वाहक. पूर्व आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी समाजांत हे जनुक बरंच आहे. इतका त्रास देणारं जनुक टिकलं कसं? कारण वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या आजारापासून संरक्षण मिळतं. हॉल्डेननीच १९४९ मध्ये थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबद्दल अशी कल्पना मांडली होती, आणि अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून सिकलसेलचा पुरावा दिला.

माझ्यासमोर बसलेली मुलगी विचारते, 'आमच्याच समाजात हे का? आम्ही काय वाईट केलं?' मी तिला सांगते की तुमच्या पूर्वजांना मलेरियाच्या जंगलात ज्याने जगवलं त्याचीच ही दुसरी बाजू आहे, यात कोणाचा दोष नाही. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावरची लाज उतरते, हे मी बघितलं आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक, हे त्यानंतर नीट ऐकून घेतलं जातं. म्हणून मला वाटतं, उत्क्रांती प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला शिकवायला हवी.

आकडेमोड | रविवार, रात्री १०:५०

ताई, फार मोलाचं लिहिलंत. तिसरं_वर्ष, याचंच गणित कर. समजण्यापुरते आकडे धरू. मलेरियामुळे साध्या (सिकल जनुक नसलेल्या) लोकांची संतती वाहकांपेक्षा १० टक्के कमी, आणि आजारी व्यक्तींना संतती नाही (प्रत्यक्षात गुजरातेतला आजार आफ्रिकेतल्यापेक्षा बहुधा सौम्य असतो, पण गणितासाठी चालेल). समतोलाला सिकल जनुकाचं प्रमाण ०.१ ÷ (०.१ + १), म्हणजे ११त १. आता मलेरिया संपूर्ण गेला असं धर. प्रमाण निम्मं व्हायला किती पिढ्या लागतील? सूत्र देतो: नवं प्रमाण = जुनं ÷ (१ + पिढ्या × जुनं).

दुसरा प्रश्न. समसंख्येच्या दोन समाजांत आपसात लग्नं होत नाहीत. एकात जनुकाचं प्रमाण ०.२, दुसऱ्यात शून्य. तू दोघांचे नमुने एकत्र केलेस. हार्डी-वाइनबर्गप्रमाणे किती वाहक आणि किती आजारी अपेक्षित, आणि प्रत्यक्षात किती?

जुना_बडोदेकर | रविवार, रात्री ११:१०

सर, मीही एक सांगतो. गणित-भौतिकीकडून जीवशास्त्रात येता येतं याचा मोठा दाखला आपल्याच गावचा आहे. व्यंकटरामन रामकृष्णन १९७१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले, अमेरिकेत भौतिकीतच पीएचडी केली, आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. २००९ चं नोबेल रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेबद्दल. त्यांनी उलगडलेल्या रायबोसोमच्या लहान उपघटकात जो १६एस आरएनए असतो, त्याच रेणूची तुलना करून कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जीवसृष्टीचा वेगळा गट ओळखला. सगळ्या सजीवांना जोडणारा वंशवृक्ष त्या रेणूवर उभा राहिला.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग निघाला, तेव्हा १,८०० हून जास्त वैज्ञानिक-शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहे, पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या मुलांच्या तो कधीच नजरेस पडत नाही. शिक्षक म्हणून मला हे फार लागलं.

तिसरं_वर्ष | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज कॉलेजनंतर म्युझियममध्ये जाऊन आले. बोटांची हाडं मोजली. कमरेची हाडं मला तरी ओळखू आली नाहीत, तिथल्या माणसांना विचारून ठेवलंय.

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ११ पिढ्या आलं. ११त १ चं २२त १ होतं. पिढी २५ वर्षांची धरली तर २७५ वर्षं. मलेरिया गेला तरी जनुक इतकं हळू जातं, कारण बहुतेक प्रती वाहकांमध्ये असतात आणि तिथे निवडीचा जोर पोचत नाही. बरोबर?

दुसरा: एकत्र प्रमाण ०.१, म्हणून अपेक्षित वाहक १८ टक्के, आजारी १ टक्का. प्रत्यक्षात पहिल्या समाजात वाहक ३२ टक्के, आजारी ४ टक्के, दुसऱ्यात दोन्ही शून्य. सरासरीने वाहक १६, आजारी २. म्हणजे वाहक कमी आणि आजारी दुप्पट! निवड नाही, उत्परिवर्तन नाही, फक्त दोन गट मिसळून मोजले म्हणून.

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:०५

दोन्ही बरोबर, कारणांसकट. दुसऱ्याला वालुंड परिणाम म्हणतात. जिथे लग्नं समाजातच होतात त्या आपल्या देशात जनुकांचा कुठलाही अभ्यास करताना हा पहिल्यांदा तपासावा लागतो. छोटाउदेपूरच्या ताईंना विचार, जिल्ह्याची सरासरी बघून गावांचं नियोजन केलं तर काय होतं.

छोटाउदेपूर_समुपदेशक | सोमवार, रात्री १०:३०

जिथे रुग्ण जास्त तिथे औषधं आणि रक्त कमी पडतं, असं होतं. म्हणून आम्ही समाजवार आणि गाववार तपासणीचा आग्रह धरतो. याचं गणित आज पहिल्यांदा एवढं स्वच्छ वाचलं. तिसरं_वर्ष, सुट्टीत ये, आमच्या तपासणी शिबिरात नोंदींच्या कामाला माणूस हवंच आहे. आईंना घेऊन आलीस तरी चालेल.